हाताला गुण असेल, पण जबाब कोण देणार?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात तीन दिवसांचं ऑस्टिओपॅथीचं, म्हणजे हाताने सांधे-स्नायू दाबून, ताणून, झटका देऊन करायच्या उपचारांचं, शिबिर झालं. दारावर फलक होता : ‘औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, संपूर्ण नैसर्गिक उपचार’. पाठ, मान, गुडघे इथवर ठीक होतं. पण खालची यादी दमा, बद्धकोष्ठता, अर्धशिशी, मुलांचा चंचलपणा अशी लांबतच गेली होती. संध्याकाळी बागेतल्या बाकांवर यावरून जो वाद पेटला तो मी दोन दिवस कान देऊन ऐकला. एका बाजूला वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाऊन पोटाचं मातेरं झालेली मंडळी. त्यांचं म्हणणं, निसर्गाने दिलेलं शरीर निसर्गच दुरुस्त करतो, त्यात गोळ्यांची लुडबुड कशाला? दुसऱ्या बाजूला विज्ञान शिकलेले दोघे-तिघे. त्यांच्या मते हाडं कडकडवून पैसे उकळायचा हा धंदा, सगळी बुवाबाजी. आवाज चढले, एकमेकांच्या घरातली आजारपणं निघाली, पण सारं भांडण ‘नैसर्गिक’ या एका शब्दाभोवती फिरत राहिलं. शिबिरातल्या त्या गृहस्थांनी पाठीला हात लावण्याआधी काय विचारलं, काय तपासलं, हे एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला भलत्या गटात बसवायला नको. ऑस्टिओपॅथीतला हात कामाचा आहे, मात्र मोजक्या दुखण्यांपुरता. त्या हातामागचा सिद्धान्त दीडशे वर्षांपूर्वी समजण्यासारखा होता; आज तो बराचसा मोडीत निघालेला आहे. आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द तिच्या बाजूनेही काही सिद्ध करत नाही आणि विरुद्धही नाही. तो शब्द म्हणजे तपासणी टाळण्याची एक सबब आहे. ज्या देशांत या विद्येला मान मिळाला, तिथे तो ही सबब सोडल्यावरच मिळाला.

ही विद्या अमेरिकेतल्या मिझुरी-कॅन्सस भागात जन्मली, आणि ती एका डॉक्टरच्या घरातल्या दुःखातून जन्मली. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा धर्मोपदेशक बापाचा मुलगा, बापाच्याच हाताखाली वैद्यकी शिकलेला, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने गेलेला. १८६४ साली मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची साथ आली आणि काही दिवसांत त्याच्या घरातली तीन मुलं गेली. डॉक्टर येऊन गेले होते, औषधं दिली गेली होती. त्या काळी ‘औषध’ म्हणजे काय असे, हे आपण आज विसरलो आहोत. कॅलोमेल नावाचा पाऱ्याचा क्षार लाळ गळेपर्यंत, हिरड्या सुजेपर्यंत देत, अफूचा अर्क देत, नस कापून रक्त काढत, वांत्या-जुलाब करवत. रोग्याला रोगाने नेलं की डॉक्टरने, हा प्रश्न तेव्हा थट्टेचा नव्हता. अशा वेळी ‘औषध नको’ म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. चांगला हिशेबी होता. २२ जून १८७४ हा दिवस स्टिलने आपल्या विद्येचा जन्मदिवस म्हणून सांगितला. शरीर हे यंत्र, हाडं ही त्याची चौकट. चौकट वाकडी झाली की रक्ताचा प्रवाह अडतो, प्रवाह अडला की रोग जडतो. हाताने चौकट सरळ करा, बाकीचं शरीर आपलं आपण बघून घेईल. सूत्र एवढंच. १८९२ साली कर्क्सव्हिल या गावात त्याने शाळा काढली आणि पहिल्याच तुकडीत बायकांनाही प्रवेश दिला. त्या काळातल्या बऱ्याच वैद्यकीय शाळांना हे सुचलं नव्हतं, हेही त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

पण १८७४ साली ‘औषध नको’चा अर्थ ‘पारा नको’ असा होता. आज त्याच दोन शब्दांचा अर्थ काय? इन्सुलिन नको? रक्तदाबाची गोळी नको? क्षयाची औषधं नकोत? शब्द तेच राहिले आणि अर्थ उलटा झाला. स्टिलच्या हयातीतच तो पालटायला लागला होता. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, त्यानंतरच्या दशकात घटसर्पावरचं प्रतिविष आलं आणि घसा आवळून मरणारी मुलं वाचू लागली. स्टिल मात्र जंतूंना रोगाचं मूळ मानायला राजी नव्हता. ज्या अनुभवाने त्याला जुन्या औषधांवर शंका घ्यायला शिकवलं, त्याच अनुभवाने त्याला नव्या औषधांकडे बघू दिलं नाही. असं पुष्कळ बंडखोरांचं होतं.

हाताने सांधा बसवणारे लोक काही एकट्या अमेरिकेत नव्हते. आपल्याकडे हाडवैद्य आहेत, तालमीतले वस्ताद आहेत; पैलवानाचा खांदा निखळला तर तो पुष्कळदा आधी वस्तादाकडे जातो, मग इस्पितळात. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगून त्यांवरचे उपाय दिले आहेत. आणि माझ्या आजोळी पाठीत उसण भरली की लोक पायाळू शोधत. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. त्याने पाठीवर पाय लावला की चमक जाते, असा समज. आमच्या आळीतला पायाळू माझ्याच वयाचा होता. एरवी त्याचे कान पिळणारी मोठी माणसं अशा वेळी त्याच्यासमोर निमूट पालथी पडत आणि तो ऐटीत त्यांच्या कमरेवर पाय ठेवी. बऱ्याच जणांची उसण जायचीही. का जायची, त्याकडे पुढे येतो.

इंग्लंडमध्येही असे हाडवैद्य होते आणि डॉक्टर त्यांना उघड उघड भोंदू म्हणत. १८६७ साली जेम्स पॅजेट या लंडनच्या नामांकित शल्यविशारदाने आपल्या लोकांसमोर एक वेगळंच व्याख्यान दिलं. विषय होता, हाडवैद्य बरे करतात ते रोगी. तो म्हणाला, हे लोक चुका करतात, पायसुद्धा घालवतात; पण आपण मुरगळलेला सांधा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवतो, तो आखडतो, आणि मग हाडवैद्य एका हिसक्यात तो मोकळा करतो. तेव्हा त्यांच्यातलं चांगलं उचला आणि वाईट टाळा. मला या व्याख्यानाचं मोल फार वाटतं. पॅजेटने ‘परंपरेचं ज्ञान’ म्हणून हात जोडले नाहीत आणि नाकही मुरडलं नाही. कोणता रोगी, कोणता सांधा, कोणती क्रिया, कशाने फरक पडला, असे साधे प्रश्न विचारले. आमच्या बागेतल्या बाकावर नेमकं हेच माणूस कमी होतं.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. ऑस्टिओपॅथीकडे लोक निसर्गप्रेमाने जात नाहीत. आधुनिक वैद्यकाने कंबरदुखीत त्यांना वाऱ्यावर सोडलं, म्हणून जातात. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! एमआरआय होतो, अहवालात चकती झिजल्याचं, फुगल्याचं येतं, आणि चाळिशीतला धडधाकट माणूस त्या दिवसापासून वाकायला घाबरू लागतो. १९९४ साली अमेरिकेत, पाठीची काहीच तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले. कमरेच्या सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या त्या अवघ्या ३६ टक्क्यांच्या. २०१५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून आणखी मोठा हिशेब मांडला गेला. दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या लोकांपैकी ९६ टक्क्यांत चकत्यांची झीज दिसते. म्हणजे ज्याला आपण रोग समजून बसलो, ती पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखी वयाची खूण असते. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने कंबरदुखीवर लेखमाला काढली आणि अनावश्यक तपासण्या, अफूजन्य गोळ्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांवर स्वतःच्याच क्षेत्राचे कान उपटले. चार मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळा होणारा डॉक्टर एकीकडे, आणि पाऊण तास नीट ऐकून घेणारा, दुखऱ्या जागेवर हात ठेवणारा माणूस दुसरीकडे. दुखणाऱ्याने कोणाकडे जावं? जे डॉक्टर या प्रश्नाला ‘बुवाबाजी’ म्हणून उडवून लावतात, ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

आणि तो हात नुसताच धीर देतो असंही नाही. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी आली. कंबरदुखीच्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला ऑस्टिओपॅथीचे हस्तोपचार. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते, पण हस्तोपचाराच्या गटाला औषधं कमी लागली. गोळ्यांनी पोट बिघडलेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटणार नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०१६ साली निघालेल्या मार्गदर्शिकेतही कंबरदुखीसाठी हस्तोपचाराला जागा आहे; अट एवढीच की सोबत व्यायाम हवा, नुसता हात नको. मात्र २०२१ साली फ्रान्समधून आलेली ४०० जणांची चाचणी अधिक काटेकोर होती. तिथे दुसऱ्या गटालाही हात लावला, पण खोटाखोटा, उपचाराचा नुसता आभास. खऱ्या उपचाराचा फायदा निघाला तो शंभराच्या मोजपट्टीवर साडेतीन गुणांच्या आसपास, तोही हालचालींवरच्या बंधनांपुरता; रोग्याच्या रोजच्या जगण्यात तो जाणवेल का, याबद्दल संशोधकांनीच शंका नोंदवली. थोडक्यात, गुण आहे, पण बेताचा. आणि त्यातला बराच वाटा लक्ष देण्याचा, स्पर्शाचा, ‘हल, काही होत नाही’ या आश्वासनाचा.

इथेच त्या पायाळूचा उलगडा होतो. नव्याने भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुटते. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतारच असतो. उताराच्या वाटेवर जो भेटला त्याच्या हाताला (किंवा पायाला) गुण. ज्यांची उसण गेली नाही ते दुसऱ्या गावी दुसरा पायाळू शोधत गेले. त्यांचा हिशेब आमच्या आळीत कोणी ठेवला नाही. शिबिरातही तेच. ‘मला फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलत नव्हते; फक्त न पडलेले तिसऱ्या दिवशी आलेच नव्हते.

त्या ‘कडक्’ आवाजाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सगळा पसारा आज त्या आवाजावर उभा आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या छोट्या चित्रफितींत मानेला झटका बसतो, कडक् वाजतं, माणूस हसत उठतो. पाहणाऱ्याला वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं. प्रत्यक्षात सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात दाब एकाएकी उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि तो आवाज येतो. २०१५ साली बोटाच्या सांध्याचा एमआरआय काढता काढता हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. आजी दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, तेव्हा तिच्या बोटांची हाडं काही जागेवर बसत नव्हती. (डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत संधिवाताचा काही फरक पडला नाही असं दाखवलं, त्याबद्दल त्याला २००९ साली विनोदी संशोधनाचं इग्नोबेल मिळालं. चिकाटी असावी तर अशी.) आवाजाने बरं वाटतं, स्नायू क्षणभर सैल होतात, हे खरं. पण मानेला दिलेल्या जोराच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला पदर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. फार क्वचित होतं. पण ज्या दुखण्याला आठवड्याची विश्रांती नि शेक पुरला असता, त्यासाठी तो क्वचितचा धोका तरी का पत्करायचा?

हस्तोपचाराचं क्षेत्र पाठ-मान-सांधे एवढंच ठेवलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. खरी गडबड यादी लांबते तिथे होते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑस्टिओपॅथ म्हणतो, आम्ही हेच करतो आणि बरोबर करतो. दुखतं एकीकडे, मूळ असतं दुसरीकडे. त्याचं काही बाबतींत खरंही आहे. पोटरीतून सणक जाते आणि नस दबलेली असते कमरेत. पण एका जागी खरं निघालं म्हणून सगळीकडे खरं कसं? दम्याचं मूळ पाठीच्या चौथ्या मण्यात आहे, हे कोणी आणि कसं तपासलं? विसाव्या शतकात विल्यम गार्नर सदरलँड या ऑस्टिओपॅथने आणखी पुढची पायरी गाठली. कवटीच्या हाडांचे सांधे त्याला माशाच्या कल्ल्यांसारखे वाटले आणि त्यावरून ती हाडं श्वास घेतल्यासारखी हलतात, बोटांना त्यांची लय कळते, ती लय दुरुस्त करता येते, असा सिद्धान्त त्याने मांडला. मोठ्या माणसाची कवटी तशी हलत नाही. दोन निष्णात उपचारकांना एकाच डोक्यावर आळीपाळीने बोटं ठेवायला सांगितली, तर त्यांना जाणवलेली लय एकमेकांशी जुळत नाही, असंच चाचण्यांत पुन्हा पुन्हा निघालं. तरी आज तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवर, रडण्यावर हाच उपचार विकला जातो. बाळाचं रडणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपसूक कमी होतं. श्रेय कोणाला जातं, ते वर आलंच आहे.

इथे एक सभ्य आक्षेप येतो आणि त्याला चुटकीसरशी उत्तर देता येत नाही : शरीर माझं, पैसा माझा, मला हवं ते मी करीन, तुम्ही कोण? हा आक्षेप साक्षात मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने घेतला होता. १९०१ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळात ऑस्टिओपॅथांवर बंधनं घालण्याचा प्रश्न आला तेव्हा तो आल्बनी या राज्याच्या राजधानीला जाऊन त्यांच्या बाजूने बोलला. माणसाला स्वतःच्या शरीराचं बरंवाईट करण्याचा हक्क आहे, सरकारने मध्ये पडू नये, हा त्याच्या बोलण्याचा रोख. पण त्याचं कारण केवळ तात्त्विक नव्हतं. त्याची मुलगी जीन हिला अपस्माराचे झटके येत. दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन तो स्वीडनमध्ये अशाच प्रकारचे हस्तोपचार करणाऱ्याकडे राहिला होता आणि अमेरिकेत परतल्यावर ऑस्टिओपॅथांकडे गेला. डॉक्टरांजवळ तेव्हा काय होतं? ब्रोमाइड, म्हणजे पोरीला दिवसभर गुंगीत ठेवणं. त्या बापाला मी नावं ठेवणार नाही. १९०९च्या नाताळच्या आदल्या दिवशी जीन न्हाणीघरात झटका येऊन गेली. अपस्मारावर ब्रोमाइडपेक्षा चांगलं चालणारं औषध, फेनोबार्बिटल, त्यानंतर तीन वर्षांनी वापरात आलं.

स्वातंत्र्याचा मुद्दा मी मान्य करतो, पण पूर्ण वाक्य बोलायला लावून. निवड करायची तर माहिती खरी हवी. ट्वेनसमोर दोन कमकुवत पर्याय होते आणि ते कमकुवत आहेत हे त्याला ठाऊक होतं. आज ज्या आईला ‘बाळाला औषध देऊ नका, आम्ही नैसर्गिक पद्धतीने बरं करतो’ असं सांगितलं जातं, तिच्यापुढे चालणारा उपाय असतो आणि तोच तिच्यापासून लपवला जातो. शिवाय भाजीवाल्याचा तराजू तपासायला वजनमाप खातं लागतं. मग मानेला झटका देणाऱ्याचा हात तपासायला कोणीच नको, हे कुठलं स्वातंत्र्य?

‘अमेरिकेत ऑस्टिओपॅथ डॉक्टरच असतात’ हे वाक्य शिबिरात ठणकावून सांगितलं गेलं. खरं आहे आणि फसवंही आहे. १८९६ साली व्हरमाँट राज्याने ऑस्टिओपॅथीला पहिली कायदेशीर मान्यता दिली, तेव्हापासून १९७३ साली मिसिसिपी हे शेवटचं राज्य संपूर्ण वैद्यकीय अधिकार द्यायला तयार झालं तोवर, पाऊण शतक या लोकांनी स्वतःचं रूप पालटलं. वैद्यकीय शाळांची पाहणी करणाऱ्या १९१० सालच्या फ्लेक्सनर अहवालाने त्यांच्या शाळांची लक्तरं काढली. त्यांनी प्रयोगशाळा उभ्या केल्या, जंतुशास्त्र घेतलं, औषधशास्त्र घेतलं, शस्त्रक्रिया शिकवल्या. १९६२ साली कॅलिफोर्नियात तर सुमारे दोन हजार ऑस्टिओपॅथांनी ६५ डॉलर भरून एमडी ही तिथल्या नेहमीच्या डॉक्टरची पदवी घेतली आणि जुना फलक उतरवला. आज अमेरिकेत डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीचा पदवीधर, गोळ्या लिहितो, पोट उघडतो, अतिदक्षता विभाग सांभाळतो. २०२० साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प करोनाने आजारी पडले तेव्हा त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली हे डीओ होते आणि काहींनी त्यांना ‘खरा डॉक्टर नव्हे’ म्हणून हिणवलं. तेही अज्ञानच. गंमत अशी की २००१ सालच्या पाहणीत निम्म्याहून अधिक डीओ शंभरातल्या पाचांवरही हस्तोपचार करत नसल्याचं दिसलं. स्टिलच्या वारसांनी त्याचं नाव ठेवलं आणि त्याची औषधबंदी सोडली. मग त्यांच्या प्रतिष्ठेवर ‘औषध नाही, शस्त्रक्रिया नाही’चा फलक कसा काय टांगता येतो?

ब्रिटनने दुसरी वाट धरली. तिथे ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो, हस्तोपचारकच राहतो. १९३५ साली मान्यतेचं विधेयक लॉर्ड्स सभागृहाच्या समितीपुढे गेलं तेव्हा लंडनच्या ऑस्टिओपॅथी शाळेचे संस्थापक लिटलजॉन यांची उलटतपासणीत पार दैना झाली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढे जवळजवळ साठ वर्षं लागली. १९९३च्या कायद्याने परिषद आली, नोंदवही आली, आणि आज नोंद नसलेल्याने स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवलं तर तो गुन्हा ठरतो. फ्रान्सने २००२ साली हे नाव कायद्यात आणलं आणि २००७ साली नियम केले : मानेला झटका द्यायचा असेल किंवा सहा महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्याला, पाठीला हात लावायचा असेल, तर आधी डॉक्टरचं प्रमाणपत्र. किती साधा नियम! त्यात ‘नैसर्गिक’ किंवा ‘अनैसर्गिक’ हा शब्द कुठे लागला? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सांगितलेला शिक्षणाचा मापदंड नवशिक्यासाठी ४२०० तासांचा आहे. त्यात किमान हजार तास देखरेखीखाली रोगी तपासायचे. शिबिरातल्या गृहस्थांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर सहा शनिवार-रविवारांचा उल्लेख होता.

आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत ऑस्टिओपॅथी नाही आणि ब्रिटनसारखी तिची स्वतंत्र वैधानिक नोंदवहीही नाही. म्हणून ती ‘निसर्गोपचार’ या जुन्या, आदराच्या छत्रीखाली येऊन उभी राहते. त्या छत्रीला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माती, पाणी, ऊन, साधं अन्न आणि रामनाम. त्यावर त्यांची श्रद्धा लटकी नव्हती. १९०९ साली त्यांनी इस्पितळांना पाप पसरवणाऱ्या संस्था म्हटलं होतं. पण १२ जानेवारी १९२४च्या रात्री, येरवड्याचे कैदी असताना आंत्रपुच्छ सुजलं, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. निसर्गोपचाराला आपला म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती रात्र आठवावी असं मला वाटतं. गांधीजींना निसर्ग आणि सुरी यांत कोणती कधी, हे त्या रात्री ठरवावं लागलं आणि त्यांनी ठरवलं.

मग आपल्याला हस्तोपचार नकोच का? हवे आहेत, आणि त्यातलं बरंच आपल्याकडे आहेही. साडेचार वर्षं शिकलेले, राज्य परिषदेकडे नोंद असलेले फिजिओथेरपिस्ट जवळजवळ तेच हात वापरतात, सोबत व्यायाम शिकवतात. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावरून केवढा गदारोळ झाला! ज्यांची नोंद आहे, ज्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते, त्यांच्या दोन अक्षरांवर आपण भांडतो. आणि ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांना सभागृह फुकट देतो. ऑस्टिओपॅथी नीट शिकलेले लोक इथे आहेत, परदेशातून शिकून आलेलेही आहेत. परिषद नसण्याचा खरा तोटा त्यांनाच होतो, कारण सहा शनिवार-रविवारवाला आणि चार वर्षंवाला एकाच फलकाखाली बसतो. नोंदवहीची मागणी त्यांनीच सर्वांत मोठ्याने करायला हवी.

आपल्या मातीत यात एक जास्तीचा धोका आहे, जो लंडन-पॅरिसमधल्या पाठदुखीत फारसा नसतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय फुप्फुसाइतकाच मुकाट्याने मणक्यातही बसतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून मणक्याच्या क्षयाला त्याचं नाव आहे. सुरुवातीला असतं काय? नुसती पाठदुखी. मग संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, रात्री झोप मोडणारी वेदना. आतून पोखरलेल्या त्या मण्यावर कोणी दोन्ही तळव्यांनी दाब दिला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आणि हाच रोग गोळ्यांनी, त्या ‘अनैसर्गिक’ गोळ्यांनी, बरा होतो. म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडं, मणक्यात उतरलेला कर्करोग, लघवीवरचा ताबा सुटण्याइतकी दबलेली मज्जा हीही तशीच. पाठ दुखणाऱ्या शंभरांत असे फार थोडे. पण ते थोडे ओळखणं हेच पाठीला हात लावणाऱ्याचं पहिलं काम, आणि ते हाताने होत नाही, विचारून होतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी नावनोंदणीचा कागद मी मागून घेतला. नाव, वय, मोबाइल क्रमांक, आहार शाकाहारी की मांसाहारी, झोपेची दिशा, पूर्वी किती औषधं घेतली, शिबिराची माहिती कोणाकडून मिळाली. ताप येतो का, वजन घटलं का, घरात कोणाला क्षय होता का, पायात बधिरपणा आहे का, लघवीला त्रास होतो का, यांतलं काही नव्हतं. दिवाळीनंतर पुन्हा शिबिर घ्यायचं ठरलं आहे. मी हे पाच प्रश्न एका कागदावर लिहून आमच्या सेक्रेटरींना दिले आणि म्हटलं, सभागृह देताना एवढी अट घाला, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवतील असं लिहून घ्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “काका, हे सगळं विचारत बसलं तर माणसं घाबरतील हो.”